स्ले द स्पायर, आठ महिन्यांनंतर: तोच गेम पुन्हा पुन्हा का खेळावासा वाटतो

वापर: आठ महिने, साधारण साडेतीनशे तास, चारही पात्रं. बहुतेक खेळ ४ जीबी रॅमच्या, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या जुन्या लॅपटॉपवर, थोडा अँड्रॉइड फोनवर. निकाल आधीच सांगतो. एकदा पैसे देऊन वर्षभर पुरेल असा गेम हवा असेल तर हा घ्या. गोष्ट किंवा डोळे दिपवणारी चित्रं हवी असतील तर घेऊ नका, दोन्ही इथे जेमतेम आहेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सिॲटलच्या मेगा क्रिटचा हा पत्त्यांचा गेम. नोव्हेंबर २०१७ मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे अर्धवट असतानाच विक्रीला, आला, जानेवारी २०१९ मध्ये पूर्ण झाला. दहा-बारा साध्या पत्त्यांवर सुरुवात होते. दर लढाईनंतर तीन पत्ते समोर येतात, त्यातला एक घ्यायचा किंवा एकही नाही. दर वळणाला, म्हणजे तुमच्या दर पाळीला, पाच पत्ते हातात आणि ते टाकायला तीन एनर्जी. मजले चढत तीन अंक, म्हणजे टप्पे, पार करायचे, मेलात तर पहिल्यापासून. एक डाव पाऊण ते दीड तासाचा.

आता मुद्द्याचं. असे गेम ढिगाने आहेत, मग हाच शंभरदा का खेळवतो? कारण यात नशीब आधी येतं आणि निर्णय नंतर.

हा फरक मराठवाड्यात कोणालाही धूळपेरणीवरून पटेल. पावसाच्या भरवशावर कोरड्या मातीत सरकी टोबली की पुढचं सगळं आभाळाच्या हाती. पाऊस लांबला तर दुबार पेरणी, आणि शिकण्यासारखं त्यात काही नसतं. वापसा आल्यावर, ओल किती गेली ते उकरून बघून पेरलं, तर पीक बिघडलं तरी कुठे चुकलं ते सांगता येतं. बरेच डावपेचांचे गेम धूळपेरणीचे असतात: चाल आधी करा, मग ऐंशी टक्क्यांचा नेम चुकतो आणि डाव हातचा जातो. स्ले द स्पायरमध्ये पत्ते हातात पडलेले असतात, शत्रू पुढच्या वळणाला किती मारणार तो आकडा त्याच्या डोक्यावर दिसतो, आणि मग तुम्ही चाल करता. मेंढीकोट खेळणाऱ्यांना हे सांगायला नको. पत्ते कसे आले याचं रडगाणं दोन डाव चालतं, तिसऱ्या डावाला जोडीदार विचारतोच की हुकूम कधी काढलास. अपवाद आहेत, काही पत्ते कुठल्याही शत्रूला आपोआप लागतात, पण ते घ्यायचे की नाही हेही तुम्हीच ठरवता.

एक लढाई जवळून बघा. आयर्नक्लॅड हे पात्र घेतलंय, पहिला अंक, सहाव्या मजल्यावर ग्रेम्लिन नॉब. हा एलिट, म्हणजे साध्या शत्रूंपेक्षा जड शत्रू; याच्या आधीच्या मजल्यांवर एलिट येत नाही. नॉबचा जीव ८२ ते ८६. पहिल्या वळणाला तो फक्त ओरडतो. त्यानंतर तुम्ही स्किल प्रकारचा पत्ता टाकला की दर पत्त्यामागे त्याची ताकद २ ने वाढते, कायमची. पहिल्या वळणाला बॅश टाका: ८ डॅमेज, वर २ व्हल्नरेबल, म्हणजे पुढचे घाव दीडपट. मग स्ट्राइकचे ६ चे ९ होतात. एकूण १७. दुसऱ्या वळणाला तो बहुतेकदा १४ मारायला येतो आणि नवखा माणूस दोन डिफेंड टाकतो, आणि डिफेंड हे स्किलच. १० ब्लॉक, म्हणजे तेवढा मार अडवणारी ढाल, मिळाला खरा, पण ताकद ४ ने वाढली, म्हणजे घाव १८ चा आणि ८ तरीही लागले. वाचले फक्त सहा. त्या सहाच्या बदल्यात पुढचा प्रत्येक घाव ४ ने जड झाला, आणि दोन स्ट्राइकचे १८ डॅमेज राहून गेले म्हणून लढाईही लांबली. इथे १४ अंगावर घेऊन तीन स्ट्राइक टाकणंच बरोबर. हे एकदा कळलं की पुढच्या डावात पहिले तीन-चार पत्ते निवडतानाच नॉब डोळ्यांसमोर असतो आणि हात आपोआप अटॅककडे जातो. हरण्याचं कारण लढाईत नसून तीन मजले खाली घेतलेल्या पत्त्यात होतं, हे दिसायला लागतं तिथून या गेमची खरी ओढ सुरू होते.

दुसरं उदाहरण तर मला सगळ्यात आवडतं. पहिल्या अंकाचा बॉस, म्हणजे शेवटचा मोठा शत्रू, कोण हे नकाशावर पहिल्या मजल्यापासून दिसतं. समजा हेक्साघोस्ट आहे. त्याचा पहिला मोठा हल्ला सहा घावांचा, आणि प्रत्येक घाव तुमच्या त्या वेळच्या जिवाला १२ ने भागून, अपूर्णांक सोडून, त्यात १ मिळवून येतो. बॉसआधीच्या मजल्यावर शेकोटी असतेच, तिथे आराम करून जीव भरा किंवा एक पत्ता पक्का करा. तुमचा जीव ८० पैकी ४० आहे. आराम केला तर ३० टक्के, म्हणजे २४ भरून ६४ होईल. पण ४० वर तो हल्ला चार गुणिले सहा, २४ चा. ६४ वर सहा गुणिले सहा, ३६ चा. भरलेल्या २४ पैकी १२ तिथेच गेले. त्यापेक्षा शेकोटीवर बॅश पक्का करून घेतला तर डॅमेज ८ चा १०, व्हल्नरेबल २ चं ३. हातात ब्लॉकचे पत्ते बरे असतील तर हेक्साघोस्टसमोर आराम करणं बऱ्याचदा तोट्याचं. याच जागी दुसरा बॉस, स्लाइम, असता तर त्याचा मोठा घाव ठरलेला ३५ चा, तिथे हिशेब उलटा होतो. शेकोटी तीच, जीव तेवढाच, उत्तर वेगळं. एकच पाठ केलेली युक्ती दर वेळी चालली असती तर वीस तासांत कंटाळा आला असता.

पत्ते न घेणं ही या गेममधली सर्वात उशिरा उमगणारी गोष्ट. दहा पत्त्यांच्या गठ्ठ्यात प्रत्येक पत्ता दर दुसऱ्या वळणाला हातात येतो. गठ्ठा तीस झाला की तोच पत्ता सहा वळणांतून एकदा. नवीन खेळाडू दर लढाईनंतर काहीतरी उचलतोच, आणि दुसऱ्या अंकात गठ्ठा फुगून बसतो. 'स्किप' बिनधास्त दाबा. दुकानात पत्ता काढून टाकायला ७५ सोनं लागतं, पुढच्या वेळी १००, मग १२५. सुरुवातीचे स्ट्राइक आधी काढा. मात्र पहिल्या अंकात फार कंजूषही होऊ नका, तिथे दोन-तीन चांगले अटॅक नसतील तर एलिट फोडून काढतात.

नशिबालाही वेसण घातलेली आहे. लढाईनंतर पोशन, म्हणजे एकदाच वापरायचं औषध, मिळण्याची शक्यता ४० टक्क्यांपासून सुरू होते. मिळालं की १० ने घटते, नाही मिळालं की १० ने वाढते. दुर्मीळ पत्त्याचंही तसंच, साधे पत्ते येत राहिले की त्याची शक्यता हळूहळू चढते आणि एक आला की खाली येते. नवीन टेट्रिसमध्ये सातही आकार एकेकदा आल्याशिवाय पुढची फेरी सुरू होत नाही, त्याच जातीचं हे आहे. कोरडा काळ येतो, पण लांबत नाही.

प्रत्येक पात्राचे ७५ पत्ते आणि एकूण दीडशेहून जास्त रेलिक, म्हणजे डावभर उपयोगी पडणाऱ्या वस्तू. त्यांच्या जोड्या जुळतात तेव्हा जी मजा आहे ती लिहून कळणार नाही. करप्शन हा पत्ता सगळी स्किल फुकट करतो, पण टाकली की ती त्या लढाईपुरती संपतात. डेड ब्रँच हे रेलिक पत्ता संपला की एक नवीन पत्ता हातात देतं. दोन्ही एका डावात आली की हात रिकामाच होत नाही. ही जोडी मुद्दाम जुळवता येत नाही. समोर आली की ओळखता यावी लागते.

दुसरा टप्पा असेन्शनचा, म्हणजे अवघडपणाच्या पायऱ्यांचा. एकदा जिंकलं की त्या पात्राची पायरी १ उघडते, अशा २० पायऱ्या, प्रत्येक पात्राच्या वेगळ्या. नुसता शत्रूचा जीव वाढवून अवघड केलेलं नाही. पहिलीला एलिट जास्त, पाचवीला बॉसनंतर जीव पूर्ण भरत नाही, दहावीला एक शाप गठ्ठ्यात बसतो, अकरावीला पोशनची एक जागा जाते, विसावीला तिसऱ्या अंकात लागोपाठ दोन बॉस. प्रत्येक पायरी तुमची एकेक सवय मोडते. पाचवीवर अडकणारे बहुतेक जण अंकाच्या शेवटच्या लढाईत जीव सांडण्याची सवय सोडत नाहीत म्हणून अडकतात. आयर्नक्लॅड, सायलेंट आणि डिफेक्ट तिघांनी एकेकदा जिंकल्यावर तीन किल्ल्या गोळा करून चौथा अंक उघडतो. किल्ल्यांपायी एक आराम, एक पेटीतलं रेलिक आणि एक जास्तीचा जड एलिट एवढं मोजावं लागतं. तिथला शेवटचा शत्रू म्हणजे एक हृदय, त्याचा जीव ७५०, आणि तुमच्या प्रत्येक पत्त्यामागे ते तुम्हाला टोचतं. त्यामुळे बारीक बारीक पत्त्यांचा गठ्ठा तिथे जाऊन मरतो.

कुठे कमी पडतो? साधारण शंभर तासांनंतर पहिला अंक ओळखीचा होतो. एलिट तीनच, बॉस तीनच. संगीत मी केव्हाच बंद केलं. जानेवारी २०२० मध्ये आलेली वॉचर बाकी तिघांपेक्षा जास्त ताकदवान आहे. तिच्यावर सुरुवात केली तर इतर पात्रं मिळमिळीत वाटतात, म्हणून तिला शेवटी घ्या. मराठी भाषा नाही. पत्त्यांवरचं इंग्रजी सोपं आहे, पण पन्नासेक शब्द पाठ होईपर्यंत वेग येत नाही.

आणि एक गोष्ट गेमची मजा हमखास घालवते. खोलीत शिरताना गेम सेव्ह होतो, लढाई मध्येच सोडली तर तीच लढाई त्याच पिसलेल्या पत्त्यांनी परत सुरू होते. लाईट जाणाऱ्या गावात हे वरदान आहे: चार्ज नसलेला लॅपटॉप ऐन लढाईत बंद पडला तरी डाव जात नाही, फार तर दहा मिनिटं जातात. पण तोच दरवाजा वापरून प्रत्येक चूक पुसायला लागलात तर चूक लक्षातच राहत नाही आणि पुढच्या डावात तीच होते. डावाच्या सुरुवातीला भेट देणाऱ्या देवमाशाने चांगलं काही दिलं नाही म्हणून डाव मोडून नवा घेणंही याच जातीचं.

लॅपटॉपसाठी: जागा सुमारे १ जीबी, रॅम २ जीबी पुरते. उन्हाळ्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२ च्या वर असताना पंखा कोकलायला लागतो. सेटिंगमध्ये कमाल एफपीएस (सेकंदाला किती चित्रं) ३० करा, पत्त्यांच्या गेमला त्याहून जास्त लागत नाही. फास्ट मोड चालू करा, डाव चांगलाच आटोपशीर होतो. स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतला असेल तर नेट असताना एकदा लॉगिन करून गेम उघडून बघा, मगच ऑफलाइन मोडवर जा. गावाकडे जाऊन पहिल्यांदाच उघडायला गेलात तर अडकाल. गेमच्या फोल्डरमधले 'प्रेफरन्सेस', 'सेव्ह्ज' आणि 'रन्स' हे तीन फोल्डर महिन्यातून एकदा पेन ड्राइव्हवर काढून ठेवा. लाईट ऐन सेव्ह होताना गेली तर फाईल बिघडू शकते.

अँड्रॉइड फोनवरची आवृत्ती फेब्रुवारी २०२१ पासून आहे. जाहिराती नाहीत, आत काही विकत घ्यायचं नाही, रोज हजेरी लावा म्हणून तगादा नाही. गेम उघडायला लावणं वेगळं आणि गेम उघडावासा वाटणं वेगळं, हा फरक फुकटचे मोबाइल गेम खेळून आलेल्याला पहिल्या आठवड्यातच जाणवेल. मात्र अक्षरं बारीक आहेत, आणि घाईत बोट सरकून भलताच पत्ता पडतो. पत्ता ओढून टाका, टिचकीवर भरवसा ठेवू नका. फोन आणि कॉम्प्युटरची प्रगती एकमेकांत येत नाही, सगळं पुन्हा उघडावं लागतं, म्हणून एकच जागा ठरवून घ्या.

दोघं मिळून शिकायचं असेल तर एक उत्तम सोय आहे. प्रत्येक डावाला सीड असतो, अक्षरं-आकड्यांचा. तो मित्राला मेसेजवर पाठवा, नव्या डावात त्याने तो टाकला की नकाशा तोच, पहिला बॉस तोच. एक लातुरात, एक संभाजीनगरात बसून एकच डाव खेळता येतो. सीड टाकून खेळलेल्या डावाने पुढची पायरी किंवा नवे पत्ते उघडत नाहीत, एवढं ध्यानात ठेवा. डाव संपल्यावर दोघांनीही 'रन हिस्टरी' उघडायची. तिथे मजल्यागणिक कोणता पत्ता घेतला, कोणता सोडला, कुठे किती जीव गेला हे ओळीने दिसतं. सर्वात जास्त जीव ज्या मजल्यावर गेला तो शोधा आणि तिथून मागे दोन-तीन मजल्यांवर दोघांनी काय वेगळं घेतलं ते बघा.