नवी बाराबोर दुनळी घेतली, आता काडतूस घरी भरलेलं की फॅक्टरीचं?

चोपडा, यावल, रावेर, शिरपूर या पट्ट्यात ज्यांच्याकडे पीकसंरक्षणाचं लायसन्स आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय, बाकीच्यांनी टाइमपास म्हणून वाचा. नवी डबल बॅरल बाराबोर घेतली, चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) पावणेतीन इंची म्हणजे ७० मिमी, उजवी नळी हाफ चोक, डावी फुल चोक, म्हणजे डाव्या नळीचं तोंड जास्त आवळलेलं. बंदुकीचा रिव्ह्यू आत्ताच देणार नाही, एवढ्यात काय कळणार. पण बंदूक घरात आल्यापासून जो भेटेल तो एकच विषय काढतोय, काडतूस कोणतं वापरणार. आमचे आप्पा तर पहिल्याच दिवशी म्हणाले, "घर भरेल काडतुसं पडेल शेतस ना, मंग दुकानमा कसाले पैसा घालस रे?" म्हणजे घरी भरलेली काडतुसं पडली आहेत ना, मग दुकानात कशाला पैसे घालतोस.

आप्पांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. त्यांच्या काळी पितळी टोप्यांची, म्हणजे पितळी कवचांची काडतुसं असायची, झाडलेली टोपी फेकायची नाही, मिस्तरीकडे द्यायची, तो बुडाला नवा प्राइमर (ठिणगी पाडणारी कॅप) बसवून बारूद, डाट (बारूद आणि छर्‍यांमधला बोळा), छर्रे भरून परत द्यायचा, वर मेण नाहीतर लाखेचा थर. तशी एक डबी त्यांच्या ट्रंकेत अजून आहे. अमेरिकेत तर घरी काडतूस भरणं हा लाखो लोकांचा छंद आहे, टेबलाला प्रेस ठोकलेला, वजनाचा इलेक्ट्रॉनिक काटा, छापील लोड टेबलं, सगळं पद्धतशीर. रायफलवाले आपापल्या नळीला जुळेल असं काडतूस बनवून लांबच्या टार्गेटवर गोळीला गोळी चिकटवतात आणि त्यात तथ्य आहे, रायफलची प्रत्येक नळी थोडी वेगळी वागते. ०.२२ रिमफायरचं मात्र तिकडेही सहसा कोणी भरत नाही कारण त्याचा पेटणारा मसाला बुडाच्या कडेतच असतो, एकदा बंदुकीचा घोडा पडून कड चेपली की ती टोपी संपली. म्हणून व्हिडिओ बघून "भो, आपणही करू" म्हणणाऱ्यांना मी आधी एवढंच विचारतो की तू कोणती बंदूक वापरतोस आणि वर्षाला झाडतोस किती.

आता पहिली गोष्ट कायद्याची, कारण इथेच निम्मा विषय संपतो. आपलं लायसन्स बंदूक बाळगायचं असतं, काडतूस तयार करायचं नसतं. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे शस्त्र किंवा दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याची शिक्षा कमीत कमी सात वर्षं, वरती जन्मठेपेपर्यंत. सातपुड्याच्या पायथ्याला, मध्य प्रदेशच्या हद्दीला लागून राहतो आपण, गावठी कट्ट्यांच्या बातम्या पेपरात येतच असतात, त्यामुळे आपल्याकडच्या पोलिसांचं काडतुसाकडे जरा जास्तच लक्ष असतं आणि ते बरोबरही आहे. दुकानातून घेतलेल्या काडतुसाची लायसन्सवर नोंद होते, किती घेतली, कधी घेतली. ट्रंकेतल्या डबीची नोंद कुठेय? आप्पांना म्हटलं, ही डबी पोलीस स्टेशनला नेऊन जमा करू, तर दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी.

समजा कायद्याचा प्रश्न नाही असं धरलं, तरी नव्या बंदुकीत मी ती घातली नसती, आणि हे नीट सांगतो कारण "काय होतंय" म्हणणारे खूप आहेत. जुने मिस्तरी काळी बारूद मापाने भरायचे, वजनाने नाही. काळी बारूद तशी सोशिक, माप थोडं इकडेतिकडे झालं तर आवाज आणि धूर कमीजास्त, एवढंच. आताची बिनधुराची पावडर मापाला तेवढीच दिसली तरी ताकद कितीतरी जास्त. काळ्या बारुदीच्या मापाने बिनधुराची भरली तर दाब इतका वाढतो की चेंबरच फाटतं, आणि ते फाटतं तेव्हा डावा हात बरोबर नळीखाली असतो. कोणत्या टोपीत काय भरलंय हे बाहेरून कळायला मार्ग नाही, मिस्तरी तर आता वर गेले. उलटाही प्रकार होतो, बारूद कमी पडली किंवा ओल लागली तर नुसतं फुस्स होतं, डाट नळीत अडकून राहतो, माणसाला वाटतं काडतूस खराब होतं म्हणून दुसरं घालून लगेच झाडतो आणि नळी फुगते नाहीतर फुटते. फॅक्टरीचं काडतूस असो की कुठलंही, आवाज नेहमीपेक्षा बारीक आला की थांबायचं, थोडा वेळ नळीचं तोंड सुरक्षित बाजूला धरून ठेवायचं, मग बंदूक मोडून (मधून उघडून) काडतूस काढायचं आणि नळीतून आरपार उजेड दिसतो का बघायचं. हे पोरांना पाठ करून घ्या.

शिवाय काळ्या बारुदीची राख हवेतलं पाणी ओढते. पावसाळ्यात संध्याकाळी झाडली आणि रात्री नळी धुतली नाही तर सकाळी आत तांबूस. जुन्या प्राइमरच्या मसाल्यातून जो क्षार उरतो त्यानेही तेच होतं. नव्या बंदुकीच्या चकचकीत नळीचं वाटोळं करायला एवढं पुरे. आणि वॉरंटीचं कार्ड वाचलंत का? बंदूक कंपन्या साधारणपणे घरी भरलेल्या किंवा पुन्हा भरलेल्या काडतुसाने झालेलं नुकसान वॉरंटीत धरतच नाहीत.

म्हणजे उरलं फॅक्टरीचं. आपल्याकडे बाराबोर म्हटलं की शक्तिमान, खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीचं. ही फॅक्टरी १८६९ ची, आणि २०२१ मध्ये ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सात कंपन्या झाल्या तेव्हापासून ती म्युनिशन्स इंडिया लिमिटेडमध्ये आहे. आपल्याकडे काही लोकांना वाटतं की वरणगावलाच फॅक्टरी आहे तर तिथून स्वस्तात मिळत असतील, तर नाही भो, वरणगावचा माल सैन्याच्या रायफलींचा, बाराबोरचा नाही, आणि गेटवर जाऊन विचारू नका, हसतील.

शक्तिमानमध्ये घेताना छर्‍याचा नंबर बघा, दुकानदार जे हातात देईल ते घेऊ नका. एलजीचे दाणे मोठे, साधारण ९ मिमीचे, एका औंसात सहाच बसतात. एसजी त्याहून थोडे बारीक, औंसाला आठ. बीबीचे औंसाला सत्तर, ४ नंबरचे एकशे सत्तर, ६ नंबरचे दोनशे सत्तर. नंबर वाढला की दाणा बारीक. आपल्या कामाला, म्हणजे केळीत नाहीतर मक्यात डुकरांचा कळप घुसला आणि हाकलायचाय, तर खरं सांगायचं तर आवाजच काम करतो, दाण्याचा संबंध नाही. डुकराला मारायचं असेल तर आधी वनखात्याची परवानगी, ती नसेल तर वन्यजीव कायद्यात अडकाल, मग केळीही गेली आणि बंदूकही. मी जवळ एलजी थोडीच ठेवतो, बाकी बीबी आणि ४ नंबर.

या काडतुसांबद्दल माझं मत चांगलं आहे. सगळी एकसारखी बसतात, प्लास्टिकची टोपी असल्याने ओलीने फुगत नाही. जुन्या कागदी टोप्यांचा हाच मोठा त्रास होता, पावसाळ्यात फुगून चेंबरमध्ये जायच्याच नाहीत, नाहीतर अर्ध्यात अडकायच्या. झाडल्यावर बोटाने सहज निघतात, माझ्या बंदुकीला टोपी बाहेर फेकणारा इजेक्टर नाही, नुसता ती थोडी वर उचलणारा एक्स्ट्रॅक्टर आहे, म्हणून हे महत्त्वाचं. धक्का बाराबोरचा असतो तेवढा, खांद्याला बट नीट लावला नाही तर जबड्याला कळेल.

इम्पोर्टेड काडतुसं पण दाखवली मला दुकानात, ट्रॅप शूटिंगची, २४ ग्रॅमची, साडेसात नंबरचा बारीक दाणा. ती मातीच्या उडत्या थाळ्यांसाठी आहेत, स्पर्धेच्या नियमातच २४ ग्रॅमची मर्यादा आहे. शूटिंग शिकणार्‍या मुलामुलींना ठीक, धक्काही कमी. शेतावर त्याला जास्त पैसे घालायचं मला कारण दिसलं नाही. आणि ३ इंची मॅग्नम कोणी दिली तर आपल्या पावणेतीन इंची चेंबरमध्ये चुकूनही घालू नका. बंद काडतूस आत बसून जातं हीच गोची आहे, पण झाडताना काडतुसाचं तोंड उघडायला जागा पुरत नाही आणि दाब चढतो. ज्यांच्याकडे घरात वीसबोर पण आहे त्यांनी दोन्ही काडतुसं एका खिशात ठेवायची नाहीत, वीसचं काडतूस बाराच्या नळीत घसरून पुढे अडकतं, मागून बाराचं बसतं, आणि मग काय होतं ते लिहायला नको. वीसबोरच्या टोप्या पिवळ्या करतात ते याचसाठी.

नव्या बंदुकीला काडतूस जुळतं की नाही हे घरी भरण्यात वेळ घालवण्यापेक्षा कागदावर बघा. रेंजवर परवानगीने जा, मोठा कागद लावा, ४० यार्डांवरून म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटरवरून एक बार टाका, जिथे दाट पडलंय तिथे ३० इंच व्यासाचं वर्तुळ काढा आणि आतले छेद मोजा. फुल चोकला काडतुसातले सत्तर टक्के दाणे आत पडायला पाहिजेत, हाफला साठ, साध्या सिलिंडर नळीला चाळीस. माझ्या डाव्या नळीने ४ नंबर छान गोळा केले, उजवीने जरा पातळ पण चालण्यासारखे. एलजीचं वेगळंच, दाणे इतके कमी की टक्केवारीला अर्थ नाही, मधे मोठी भोकं राहतात. दोन नळ्या एकाच जागी मारतात का तेही याच कागदावर कळतं, आणि नवीन बंदुकीत खोट असेल तर तक्रार करायला तो कागद पुरावा म्हणून जपून ठेवा, तारीख टाकून.

पैशाचं म्हणाल तर घरी भरण्यात बचत तेव्हा होते जेव्हा माणूस आठवड्याला शेकड्यांनी झाडतो. आपण लायसन्सवर लिहिलेल्या मर्यादेत, हंगामात मोजकी वापरणार, त्यात प्रेस, पावडर, प्राइमर, छर्रे यांचा खर्च कधी वसूल होणार?

शक्तिमानला माझ्याकडून पाचपैकी चार. एक कापला तो काडतुसासाठी नाही, मिळण्यासाठी. आपल्या भागात परवानाधारक दुकानं कमी, पाहिजे तो नंबर असेलच असं नाही, फोन करून जा आणि मूळ लायसन्स सोबत न्या, झेरॉक्सवर देत नाहीत. आणलेला बॉक्स एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डिकीत ठेवू नका, आपल्याकडे बाहेर ४५ असतं तेव्हा डिकीत त्याहून कितीतरी जास्त आणि तापलेल्या पावडरचा दाब वाढतो. घरात गार कोरड्या कपाटात, कुलपात, बंदुकीपासून वेगळं. आप्पांची डबी परवा शेवटी जमा केली, ठाण्यातल्या साहेबांनी पोचही लिहून दिली.