ढाल की मुद्रा? ठाण्यासाठी चिन्ह बेतताना

युरोपी शहरांची ढाल, म्हणजे ढालीच्या आकारातलं त्यांचं मानचिन्ह, रंगांवर चालते. सोनेरी-रुपेरी हे ‘धातू’. तांबडा, निळा, काळा, हिरवा हे ‘रंग’. धातूवर धातू किंवा रंगावर रंग चढवायचा नाही, कारण लांबून ओळख पटली पाहिजे. (मध्ययुगातल्या जेरुसलेमच्या ख्रिस्ती राज्याने मात्र रुप्यावर सोनं चढवलंच!) प्रमाण मानतात ते शब्दांतलं वर्णन, चित्र नव्हे, म्हणून दोन चितारी तीच ढाल वेगळी काढतात. एकरंगी छपाईत ठिपके म्हणजे सोनेरी, उभ्या रेघा तांबडा, आडव्या निळा.

मुद्रेला रंगच लागत नाही. शिवरायांची अष्टकोनी राजमुद्रा निव्वळ संस्कृत अक्षरांची आहे.

ठाण्यातल्या एखाद्या मंडळाला मासुंदा तलाव आणि १६ एप्रिल १८५३ ची आगगाडी दोन्ही हवी असतील, तर मोठ्या फलकावर ढाल शोभेल. तीच अडीच सेंटीमीटरच्या रबरी शिक्क्यावर घेतली की रेघांमध्ये शाई भरते आणि इंजिनाचा नुसता डाग उरतो. तिथे मुद्राच बरी, तीही एकाच आकृतीची, जाड रेघेची. अशोकस्तंभाचे सिंह मात्र दोन्हीकडे टाळा. राजचिन्हाच्या गैरवापराला २००५ च्या कायद्याने मनाई आहे.