मान मात्र मोकळीच: सात महिने 'जी' ओढल्यावर

सात महिन्यांपूर्वी डीसीएस वर्ल्ड या संगणकावरच्या विमान सिम्युलेटरमधलं हॉर्नेट, म्हणजे एफ/ए-१८सी लढाऊ विमान, घेतलं. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांचा सिम्युलेटर आयएल-२ ग्रेट बॅटल्स त्याआधीपासून होता. रोज रात्री जेवणं आटोपली की तासभर, रविवारी जरा जास्त. विमानांबद्दल भरपूर लिहिलं गेलंय, मी आत बसलेल्या गड्याबद्दल लिहितो.

पहिले दोन आठवडे जवळपास प्रत्येक झुंजीत बेशुद्ध पडलो. समोरचं विमान सणकन बाजूने गेलं की विमान वळवायची काठी पोटात ओढायची, एवढंच येत होतं. समोरच्या काचेवरच्या पडद्यावर (एचयूडीवर) डावीकडे जीचा, म्हणजे शरीर किती पट जड झालं त्याचा, आकडा ७ ओलांडतो, रंग उडायला लागतात, कडा काळवंडतात, नळीतून बघावं तसं मधलं तेवढं उरतं आणि मग गुडुप्प. शुद्धीवर येईतो पठ्ठ्या माझ्या शेपटीला लागलेला.

हा क्रम बरोबर आहे. रक्त पायांकडे ओढलं जातं आणि डोळ्याला आतला दाब असल्यामुळे तिथला पुरवठा मेंदूच्या आधी तुटतो. म्हणून आधी नजर जाते, मग शुद्ध. पण एकदम ९ जी लावला तर मेंदूतला चार-सहा सेकंदांचा साठा संपेपर्यंत काही कळत नाही आणि अंधारी न येताच माणूस आडवा होतो. खरे वैमानिक पाय आणि पोट आवळून दर तीन सेकंदांनी झटक्यात श्वास घेतात. आपल्या हवाई दलाचे वैमानिक बंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एअरोस्पेस मेडिसिनमध्ये सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे गरगर फिरवून जी लावणाऱ्या यंत्रात, बसून हे शिकतात. मी घरच्या खुर्चीत करून पाहिलं, तर बायकोने विचारलं, "पोट बिघडलंय का?"

डीसीएसमधली मला आवडलेली गोष्ट म्हणजे जी-वॉर्मअप. झुंजीआधी एक ४ जीचं आणि एक ६ जीचं वळण घेतलं की वैमानिक जास्त तग धरतो. आता ते माझ्या अंगवळणी पडलंय. थकव्याचा हिशोब मात्र आयएल-२चा जास्त पटतो. २०२० सालच्या बदलानंतर तिथला वैमानिक दमतो. पहिल्या वळणात ५ जी पचवणारा गडी चौथ्या वळणात त्याहून कमीवर आंधळा होतो. आकडा कुठे दिसत नाही, त्याच्या धापेवरून अंदाज बांधायचा. मी हेडफोन त्यासाठीच बदलले.

खटकतं ते मानेचं. डोकं आणि हेल्मेट मिळून सात किलो धरा. ७ जीला ते जवळपास पन्नास किलो होतं. अशा वेळी खांद्यावरून मागे वळून बघणं म्हणजे सिमेंटची गोणी डोक्यावर घेऊन मान फिरवणं. खरे वैमानिक आधी मान वळवून टेकवतात आणि मग काठी ओढतात. इथे जी वाढला की कॅमेरा जरासा दबतो, पण डोकं वळवलं की खेळातली नजर वळवणाऱ्या टोपीवरच्या हेड ट्रॅकरमुळे मी ७ जीत घुबडासारखा मागे बघतो आणि मानेला कळतही नाही. रक्ताचा हिशोब अगदी चोख, हाडामांसाचा काहीच नाही.

म्हणून महिनाभर स्वतःलाच नियम घातलाय: ५ जीच्या वर डोकं हलवायचं नाही. जेवढं ओढण्याआधी पाहिलं, तेवढ्यावर भागवायचं. हरण्याचं प्रमाण वाढलंय. परवा ज्याने पाडलं, तो कुठून आला हे मला रिप्ले बघून कळलं. माझ्या उजव्या खांद्यामागे बराच वेळ निवांत बसला होता.