सीडी की स्टीलची पट्टी? लेसरची तरंगलांबी मोजताना आलेला सात महिन्यांचा अनुभव

सात महिने झाले, आठवड्यातून एकदा तरी खोलीत अंधार करून लेसरची तरंगलांबी, म्हणजे प्रकाशाच्या लाटेच्या दोन शिखरांमधलं अंतर, मोजायला मी हे सामान मांडतो. लाल लेसर पॉइंटर, जुनी सीडी, मिलिमीटरच्या रेघांची स्टीलची पट्टी, टेप आणि भिंतीवर चिकटवलेला कोरा कागद. पॉइंटरचं बटण कपड्यांच्या चिमट्याने दाबून ठेवतो, कारण बोटाने धरलं की ठिपका थरथरतो.

सुरुवात सीडीपासून केली. लेबलवर कटरने चीर देऊन चिकटपट्टी झटक्यात ओढली की चकचकीत थर निघतो आणि पारदर्शक चकती उरते. तिच्यावर माहिती साठवणाऱ्या बारीक रेघेचे गोल गोल वळसे असतात; त्यांच्यामधलं अंतर १.६ मायक्रोमीटर धरतात. चकतीतून जाताना या वळशांमुळे किरण फाटतो आणि भिंतीवर मधल्या ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना ठिपके पडतात. भिंत ५० सेंमीवर ठेवली, तर मधल्या ठिपक्यापासून बाजूचा ठिपका एकीकडे २२ आणि दुसरीकडे साडेतेवीस सेंमीवर! चकती तिरकी होती. दोन्ही अंतरं सारखी होईपर्यंत ती वळवत गेलो; २२.३ वर जुळली. ठिपक्याचं, भिंतीचं आणि वळशांमधलं अंतर यांवरून उत्तर आलं ६५२ नॅनोमीटर, पॉइंटरवर छापलंय ६५०. त्या रात्री झोप लागेना.

मग दुसरी सीडी लावली. तोच पॉइंटर, तेच अंतर, उत्तर मात्र ६४२. ठिपका मोजताना एक मिलिमीटर चुकला तर फरक जेमतेम अडीच नॅनोमीटरचा पडतो, म्हणजे हे माझ्या मोजण्यातलं नव्हतं. वळशांमधलं अंतरच चकतीगणिक थोडं बदलतं आणि ते आपल्याला घरी तपासता येत नाही.

पट्टीवरच्या रेघा मात्र डोळ्यांना दिसतात, मोजता येतात. त्या रेघांवरून तरंगलांबी मोजायची ही युक्ती अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ आर्थर शॉलो यांनी १९६५ मध्ये मांडली. पुढे १९८१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पट्टी आडवी ठेवून किरण तिला जवळजवळ घासत सोडायचा, की तीन मीटरवरच्या भिंतीवर ठिपक्यांची माळ चढत जाते. (हा परावर्तित किरण टेबलावरून अगदी कमी उताराने वर जातो, वाकून बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या रेषेत. त्या बाजूने कधीही वाकू नका.)

इथे मी तीन आठवडे अडलो. उंची टेबलापासून मोजत होतो आणि आकडे काही जुळत नव्हते. खरं शून्य टेबलावर नसतं. पट्टी काढल्यावर सरळ जाणारा किरण जिथे पडतो तो ठिपका आणि पट्टीवरून परतलेला पहिला तेजस्वी ठिपका, या दोहोंच्या बरोब्बर मध्ये ते असतं. तिथून मोजल्यावर उंच्या आल्या १०.०, १४.७, १८.३ आणि २१.२ सेंमी. या उंच्यांचे वर्ग सारख्या पायऱ्यांनी वाढायला हवेत, आणि त्या पायरीवरूनच तरंगलांबी निघते. वर्ग केले, तर दर पायरीला सरासरी ११६.५ ची वाढ. एक मिलिमीटरच्या रेघांसाठी हिशेब ६४७ नॅनोमीटरवर येतो. पट्टी सरकवली, किरणाचा कोन बदलला, तरी उत्तर त्याच्या आसपासच राहतं.

नवख्याला मी सीडीच देईन, दहा मिनिटांत उत्तर हातात येतं. आकड्यावर विसंबायचं असेल तर पट्टी घ्या. परवा काहीही न हलवता हिरवा पॉइंटर लावला. ठिपके एकमेकांजवळ सरकले, वर्गांची पायरी ९६ वर उतरली. ५३३ नॅनोमीटर!