शिमग्याच्या फोटो टूरचे पैसे भरण्याआधी हे वाचा

मुंबईत कुठल्याही नाट्यगृहात शक्ती-तुऱ्याचा, म्हणजे कोकणातल्या सवाल-जवाबाच्या नाचगाण्याचा सामना असला की पुढच्या रांगेच्या कडेला गळ्यात कॅमेरा अडकवलेली चार-पाच माणसं हमखास दिसतात. त्यातला एक मी. नोकरी सांभाळून केलेला नाद आहे हा. पैसे कोणी देत नाही, आपण मागतही नाही. शाहीर ओळखायला लागले की विंगेत उभं राहू देतात, तीच कमाई. शक्तीवाले सवाल टाकतात, तुरेवाले उत्तर देतात, मृदंग चढत जातो आणि गोल धरून नाचणाऱ्या पोरांच्या पायातले चाळ एका ठेक्यात वाजायला लागतात. त्या उजेडात शटर १/६० ठेवावं तर पाय फिसकटतात, १/२५० ठेवावं तर सगळं काळं. नाद असलेल्यालाच यातली मजा कळते.

एवढं सांगितलं ते अशासाठी, की आम्हाला गंडवणारा माणूस याच गर्दीत उभा होता आणि ही गर्दी त्याला आतून माहीत होती.

मध्यंतरात चहाच्या टपरीपाशी तो स्वतःहून बोलायला आला. वय पन्नाशीचं, खादीचा झब्बा, हातात जुना पण चांगला कॅमेरा. माझ्या स्क्रीनवरचा फोटो बघून ‘छान आहे’ वगैरे काही म्हणाला नाही. म्हणाला, “मृदंगवाल्याचा डावा हात कापलात, तेवढा आला असता तर...” बरोबर होतं. मग विचारलं, “तेरसे शिमगे काढलेत कधी?”

ज्यांचं गाव रत्नागिरीकडे नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिकडे काही गावांचा होम फाल्गुनातल्या त्रयोदशीला लागतो, त्यांचे तेरसे शिमगे. बाकीच्यांचा पौर्णिमेला, ते भद्रेचे. म्हणजे गावं नीट निवडली तर एका फेरीत दोन होम, दोन पालख्या मिळतात. हे गणित बाहेरच्या माणसाला सुचत नाही. त्याला सुचलं होतं. पालखीला रूपं, म्हणजे देवाचे मुखवटे लागतात तेव्हा गुरवाच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं, पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या जागेवर बसली की फ्लॅश का मारायचा नाही, नमन-खेळ्यांतल्या संकासुराच्या सोंगाला समोरून गाठायचं की पाठीमागून, सगळं सांगत होता. आजवर मी ऐकलेल्या फसवणुकींत समोरचा घाईत असतो, अर्धवट बोलतो, बँकेतून बोलतोय म्हणून धमकावतो. हा तासभर निवांत बोलला आणि पैशाचं नावही काढलं नाही.

पोस्टर आलं ते दोन-तीन आठवड्यांनी, व्हॉट्सॲपवर. ‘शिमगा, नमन-खेळे आणि चित्रकथी: छायाचित्रकारांसाठी खास सहल.’ आधी गुहागर तालुक्यातली दोन गावं, मग शेवटच्या दिवशी कुडाळजवळचं पिंगुळी. पिंगुळीचं नाव वाचून निम्मे लोक तिथेच विरघळले. ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत सांगायची कथा, आणि कळसूत्री बाहुल्या तिथे आहेत. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हापासून कॅमेरेवाल्यांच्या यादीत हे गाव वर गेलंय. आता नकाशा उघडून बघितला तर गुहागर ते कुडाळ दोनशेच्या वर किलोमीटर. रात्रभर पालखीमागे फिरून सकाळी तिकडे पोचायचं आणि त्याच संध्याकाळी मुंबईला निघायचं, हे बस चालवणारा कुठलाही माणूस कबूल करणार नाही. शिमग्यात त्या रस्त्याला चाकरमान्यांच्या गाड्यांची किती गर्दी असते ते वेगळंच.

माणशी १२,५०० रुपये, अर्धे आगाऊ. ग्रुपमध्ये पंचवीस-तीस नंबर. पोस्टर पडल्यावर अर्ध्या तासात पैसे भरल्याचे स्क्रीनशॉट यायला लागले, खाली त्याचा हात जोडलेला इमोजी आणि ‘आता फक्त चार जागा’. पुढे आम्ही सगळे एकमेकांना भेटलो तेव्हा खरी माणसं नऊच निघाली. बाकीच्या नंबरांतलं कोणी ना भेटलं, ना कोणी फोन उचलला. म्हणजे ज्यांचे स्क्रीनशॉट बघून आम्हाला धीर आला ती माणसं बहुधा तोच होता.

पैसे पाठवताना यूपीआयवर एका बाईचं नाव दिसत होतं. विचारलं तर म्हणाला, “मिसेसचं खातं आहे, माझ्या खात्यात टॅक्सची भानगड नको.” अशी पाच माणसं प्रत्येकाच्या ओळखीची असतात, त्यामुळे हे खपतं. खपू देऊ नका. ज्याच्याशी बोलणं झालंय त्याच्या किंवा त्याच्या व्यवसायाच्या नावाचं खातं नसेल तर पैसे पाठवायचे नाहीत.

निघायच्या आधी आणखी १,५०० मागितले. देवस्थानचा मान आणि ‘ड्रोनची गावाची परवानगी’. ड्रोनसाठी गावाने फी घेऊन परवानगी द्यायची असा कायदा कुठेच नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांत सरकारी नकाशावर हिरवा, पिवळा, लाल असे भाग आहेत आणि हिरव्यात ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगीच लागत नाही. मानकऱ्यांना विचारून उडवायचा ही रीत झाली आणि ती पाळायचीच, पण तिची पावती नसते.

त्या रात्री दादर पूर्वेला बस आली नाही. फोन बंद. ट्रायपॉड, सॅका घेऊन आम्ही रस्त्याच्या कडेला, शेजारून कोकणात जाणाऱ्या एकामागून एक गाड्या भरून सुटतायत. त्याबद्दल जास्त काही सांगण्यासारखं नाही. ग्रुपवर बघावं तर त्याचे मेसेज गायब व्हायला लागले होते. आमच्यातल्या एका मुलीने पोस्टर आलं त्याच दिवशी सवयीने चॅट एक्सपोर्ट करून ठेवलं होतं आणि नंतरही अधूनमधून करत होती. पुढे पोलिसांत तेवढंच कामाला आलं. ॲडमिनला दुसऱ्याचे मेसेजही उडवता येतात, हे लक्षात असू द्या.

यापेक्षा वाईट गोष्ट दोन दिवसांनी कळली.

पोस्टरवर गावाचं नाव होतं, पण फोन नंबर त्याचाच. मी लालबागमध्ये त्या गावाचं मुंबई मंडळ, म्हणजे इथे राहणाऱ्या गावकऱ्यांचं मंडळ शोधलं. मंडळाच्या खोलीवर शिमग्यात कोण असणार? सगळे गावी. शेजारच्या खोलीतल्या काकूंनी गावच्या खेळ्यांच्या म्होरक्याचा नंबर दिला. फोन लावला, नाव सांगितलं, फोटो काढायला येणार होतो म्हटलं, आणि पलीकडचा माणूस तडकलाच. “आता फोन करताव? पंचवीस मानसांचा जेवान केलान आमच्या बायकांनी. पोरा रात्री दोन वाजेपर्यंत सोंगा घेऊन बसली.”

आम्हाला गंडवणाऱ्या त्या माणसाने गावालाही फोन केला होता. मुंबईचे मोठे फोटोग्राफर येणार, पेपरात छापून येणार, मंडळाला देणगी मिळणार, तुम्ही फक्त जेवणाचं आणि झोपायचं बघा. वर ‘गावाची माहितीपुस्तिका छापायला’ म्हणून त्यांच्याकडूनच तीन हजार उकळले होते. आम्ही गावाचं नाव ऐकून त्याच्यावर विश्वास ठेवला, गावाने मुंबईच्या फोटोग्राफरांचं नाव ऐकून. एका बाजूने दुसऱ्या बाजूला एक फोन केला असता तर दोन मिनिटांत उघडं पडलं असतं, म्हणून तर त्याने दोन्हीकडे स्वतःचाच नंबर मध्ये ठेवला. माझे पैसे गेले त्याचं आता तितकं वाटत नाही. पण त्या गावात यापुढे कॅमेरा घेऊन कोणी पोरगं गेलं तर त्याच्याशी कसं बोलतील?

तेव्हा कोकणातल्या कुठल्याही गावाची अशी सहल दिसली तर पहिला फोन त्या गावाच्या मुंबई मंडळाला करा. गिरणगावात, भांडुपात, नालासोपाऱ्यात गावाचं कोणी ना कोणी सापडतंच. ही सोय मुंबईकराइतकी कोणाला नाही. जीएसटी नंबर नसला म्हणून माणूस लबाड ठरत नाही, छोट्या आयोजकाची उलाढाल त्या मर्यादेखाली असू शकते. पण गाडीचा नंबर मागा. एमपरिवहन ॲपवर टाकला की गाडी कसली, विमा आहे का, ते दिसतं. ट्रेन म्हणाला तर पीएनआर मागा. आणि पोस्टरवरचे फोटो गूगल लेन्समध्ये टाका. आमच्या पोस्टरवरची पालखी दुसऱ्याच जिल्ह्यातली होती, फोटो काढणाऱ्याला पत्ताही नव्हता.

तक्रारीचं सांगतो. दादरहूनच आमच्यातल्या एकाने १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावला. त्याने दुपारीच भरलेले १,५०० पुढच्या खात्यात जाण्याआधी थांबले. बाकीच्यांचे आगाऊ पैसे महिन्याभरापूर्वीचे, ते कधीच पुढे सरकले होते. थोडक्यात, कळल्या क्षणी आधी १९३०, शिव्या नंतर. पोलीस ठाण्यात पहिल्यांदा ‘तुमचा आपसातला व्यवहार आहे’ आणि ‘हद्द आमची नाही’ अशी दोन्ही उत्तरं मिळाली. हद्द कुठलीही असली तरी शून्य क्रमांकाने (झिरो एफआयआर) गुन्हा नोंदवता येतो, नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ त्याचसाठी आहे. फसवणुकीचं जुनं ४२० जाऊन १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं ३१८ आलंय. कलमं लिहिलेला अर्ज, प्रत्येकाचा यूटीआर नंबर (पैसे पाठवल्याचा व्यवहार क्रमांक) आणि ते एक्सपोर्ट केलेलं चॅट घेऊन नऊही जण एकत्र गेलो तेव्हा नोंद झाली. गावाच्या मंडळानेही तिकडे वेगळी तक्रार दिली आहे.

गेल्या आठवड्यात एका मित्राने नवं पोस्टर पाठवलं. आता दशावताराची सहल आहे, सिंधुदुर्गातली, ‘मर्यादित जागा’. आयोजकाचं नाव वेगळं, नंबर वेगळा. मजकुरात मात्र ‘देवस्थानचा मान व ड्रोन परवानगी स्वतंत्र’ ही ओळ जशीच्या तशी आहे. कोणाला आलं असेल तर पैसे भरू नका, स्क्रीनशॉट ठेवा आणि ज्या दशावतारी मंडळाचं नाव त्यात आहे त्यांना आजच फोन करा. त्यांच्याकडे जेवणाचा बेत ठरायच्या आत.