ॲनिमे मासिक पुन्हा छापायचं तर: स्टँड, वर्गणी की वार्षिक अंक?

२००५ ते २००९ या काळात उत्तर अमेरिकेतली ॲनिमेची, म्हणजे जपानी ॲनिमेशनची, बहुतेक इंग्रजी छापील मासिकं एकामागून एक बंद पडली. विझ या प्रकाशनसंस्थेचं 'ॲनिमेरिका' २००५ मध्ये थांबलं, कॅनडातलं 'प्रोटोकल्चर ॲडिक्ट्स' २००८ मध्ये. ह्यूस्टनच्या ए. डी. व्हिजन या ॲनिमे कंपनीने जपानच्या कादोकावा या प्रकाशकाकडून परवाना घेऊन नोव्हेंबर २००२ पासून काढलेलं 'न्यूटाइप यूएसए' फेब्रुवारी २००८ च्या अंकाबरोबर संपलं आणि त्याच्या जागी आलेल्या 'पीक'चे जेमतेम चार अंक निघाले. पुढच्या वर्षी 'ॲनिमे इनसायडर' गेलं. २००७ मध्ये सुरू झालेलं 'ओटाकू यूएसए' मात्र या पडझडीतून तगलं.

यांपैकी एखादं नाव पुन्हा उभं करायचं, किंवा त्याच जातीचं नवं मासिक काढायचं, तर तीन वाटा आहेत: दुकानांच्या स्टँडवर जाणारं मासिक, वर्गणीदारांचं त्रैमासिक, आणि आगाऊ नोंदणी घेऊन काढलेला वर्षाचा एक जाड अंक. आमचा कल स्पष्टपणे तिसऱ्या वाटेकडे आहे. मात्र कुठलीही वाट धरली, तरी काम छपाईपाशी अडण्याआधी चित्रांच्या परवानगीपाशी अडतं. म्हणून तिन्ही वाटा त्याच कसोटीवर घासून पाहिल्या पाहिजेत.

जुनी मासिकं का गेली

'इंटरनेटमुळे' हे उत्तर अर्धंच खरं आहे. या मासिकांच्या जाहिराती मोजक्याच डीव्हीडी कंपन्यांकडून येत. जानेवारी २००६ मध्ये सनकोस्ट आणि सॅम गुडी ही दुकानं चालवणारी म्युझिकलँड दिवाळखोरीत गेली, तेव्हा ॲनिमे डीव्हीडीची एक मोठी बाजारपेठच कोसळली. सप्टेंबर २००७ मध्ये जेनिऑन या ॲनिमे डीव्हीडी कंपनीने अमेरिकेतलं स्वतःचं वितरण थांबवलं. जाहिरातदार आटले आणि पाठोपाठ मासिकं आटली. फेब्रुवारी २००९ मध्ये अँडरसन न्यूज हा मोठा मासिक-वितरक बंद पडला, २०११ मध्ये बॉर्डर्सची पुस्तकदुकानं गेली, २०१४ मध्ये सोर्स इंटरलिंकनेही वितरण सोडलं.

आज ॲनिमेचे प्रेक्षक तेव्हापेक्षा कितीतरी जास्त आहेत, पण जाहिरातदार वाढलेले नाहीत. ॲनिमे दाखवणाऱ्या फनिमेशन आणि क्रंचीरोल या कंपन्या २०२१ मध्ये सोनीच्या एकाच छत्राखाली आल्या, पुढे ॲनिमे विकणारं राइट स्टफ हे ऑनलाइन दुकानही त्यांच्यातच सामावलं. पूर्वी जिथे तीन दारं ठोठावता येत, तिथे आता एकच दार आहे. त्या दारातून नकार आला तरी अंक निघाला पाहिजे, अशीच जुळणी सुरुवातीपासून हवी.

वाट पहिली: स्टँडवरचं मासिक

हिशेब समजण्यापुरते आकडे धरू. किंमत १० डॉलर, छपाई २०,००० प्रती. अमेरिकन स्टँडवर निम्म्याहून कमी प्रती खपणं ही नेहमीची गोष्ट आहे, म्हणून ३५ टक्के, म्हणजे ७,००० प्रती खपल्या असं मानू. वितरक आणि दुकानदाराचा वाटा जाऊन प्रकाशकाच्या हाती किमतीच्या ४५ टक्के आले, तर ३१,५०० डॉलर होतात. छपाई आणि वाहतूक मिळून प्रतीमागे दीड डॉलर धरला तर खर्च ३०,०००. उरलेल्या दीड हजारात लेखक, अनुवादक, मांडणीकार आणि चित्रांचे हक्क बसवायचे. शिवाय हे पैसे परताव्याचा, म्हणजे न खपलेल्या प्रतींचा, हिशेब पुरा झाल्यावर, काही महिन्यांनी मिळतात. तोवर पुढचे दोन-तीन अंक छापून झालेले असतात. न खपलेल्या प्रती बहुधा परतही येत नाहीत, तिकडेच लगदा होतात.

वेळेचं गणित तर याहून अवघड आहे. मजकूर बंद होण्यापासून अंक स्टँडवर लागेपर्यंत दोन महिने सहज जातात, आणि नवा भाग जपानबरोबर त्याच दिवशी जगभर दिसतो. त्यामुळे बातम्या, वेळापत्रकं आणि 'या हंगामात काय पाहाल' हे सगळं मासिकात शिळं होऊनच पोचतं.

ही वाट एकाच परिस्थितीत परवडते: प्रकाशकाची इतर मासिकं आधीपासून त्याच वितरणातून जात असतील तर. 'ओटाकू यूएसए' काढणारी सॉव्हरिन मीडिया लष्करी इतिहासाची मासिकंही काढत असे. कागदाची खरेदी, वितरक, वर्गणीखातं असा खर्च तिथे वाटला जाऊ शकतो. एकट्या मासिकाला तो आधार नसतो.

वाट दुसरी: वर्गणीचं त्रैमासिक

इथे परताव्याची डोकेदुखी नाही. ३,००० वर्गणीदार, वर्षाला ४५ डॉलर, म्हणजे १,३५,००० डॉलर. छपाई, पाकीट आणि टपाल मिळून प्रतीमागे साडेपाच डॉलर धरले तर चार अंकांचे ६६,००० जातात. दर अंकाला मजकूर आणि चित्रांसाठी साधारण १७,००० उरतात. यात नेटका अंक निघू शकतो.

त्रैमासिक हा आकडा आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. अमेरिकी टपालाचा नियतकालिकांचा सवलतीचा दर मिळवायला ठरलेल्या कालांतराने वर्षाला किमान चार अंक काढावे लागतात. तीन काढले की सवलत नाही. पुस्तकांसाठीचा मीडिया मेल स्वस्त असला तरी जाहिराती असलेलं मासिक त्यात चालत नाही, हे पुष्कळांना पहिला गठ्ठा टपालात नेल्यावर कळतं.

धोका पैशाच्या स्वरूपात आहे. वर्गणी हे उत्पन्न दिसत असलं तरी अंक पोचेपर्यंत ते देणं असतं. पहिल्या अंकावर चारही अंकांचे पैसे उधळले की तिसरा अंक रखडतो, आणि तिसरा रखडला की नूतनीकरण थांबतं. पोचवायच्या राहिलेल्या अंकांचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवावेत आणि अंक टपालात पडल्यावरच वर्गणीचा चौथा हिस्सा काढावा. दुसरं, दर तीन महिन्यांनी नव्या चित्रांच्या परवानग्या मिळवत राहायला जपानी वाचता-लिहिता येणारं एक माणूस कायमचं हवं. हौसेखातर वेळ देणाऱ्याच्या भरवशावर ते निभत नाही.

वाट तिसरी: वर्षाचा एक अंक

मराठी वाचकाला ही कल्पना समजावून सांगायची गरज नाही. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपल्याकडे वर्षातून एक भरगच्च अंक, ठरलेली तारीख, आधी गोळा केलेल्या जाहिराती आणि आगाऊ नोंदणी हा घाट चालत आलेला आहे. ॲनिमेच्या वाचकाला तो नेमका जुळतो, कारण त्याला कागदावर हवं असतं ते मोठं चित्र, दिग्दर्शकाची लांबलचक मुलाखत आणि कपाटात ठेवण्याजोगी वस्तू. बातमी त्याला फोनवर मिळालेली असते.

२,००० नोंदण्या, प्रत्येकी ३५ डॉलर, म्हणजे ७०,०००. १२८ पानांचा अंक, सहा डॉलर दराने २,३०० प्रती, म्हणजे १३,८००. टपाल आणि खोकी १२,०००. लोकवर्गणीच्या मंचाचं आणि कार्डाचं शुल्क साधारण ६,५००. एका अंकासाठी ३७,७०० उरतात, म्हणजे त्रैमासिकाच्या दर अंकाच्या दुपटीहून जास्त. चित्र विकत घेण्याची ऐपत या वाटेवरच येते. जाहिरात नसली आणि अंक पुस्तक म्हणून आयएसबीएन हा पुस्तक-क्रमांक घेऊन निघाला, तर मीडिया मेलचा दरही मिळू शकतो आणि पुस्तकदुकानांत वर्षभर विकता येतो. मासिकाच्या बारकोडबरोबर अंक क्रमांकाची शेपटी असते आणि नवा अंक आला की जुना स्टँडवरून उतरतो. पुस्तकाचं तसं नसतं.

ही वाट फसते दोन ठिकाणी. परदेशी टपालखर्च नोंदणीच्या रकमेतच धरला की छपाई पुरी होईतो दर वाढलेले असतात. तो पाठवतेवेळी वेगळा घ्यावा. आणि जास्त पैसे जमले म्हणून पोस्टर, किचेन, पोस्टकार्ड यांची आश्वासनं देऊ नयेत. लेखासोबत चित्र छापण्याची परवानगी म्हणजे वस्तू बनवून विकण्याचा परवाना नव्हे. तो वेगळा, महाग आणि बहुधा आधीच दुसऱ्या कुणाकडे गेलेला असतो.

परवानगीचं खरं काम

ॲनिमेचे हक्क बहुधा एकट्या स्टुडिओकडे नसतात. प्रकाशक, वाहिनी, संगीत कंपनी, खेळणी कंपनी अशांची निर्मिती समिती असते, आणि एका चित्राला यांतल्या प्रत्येकाचा होकार लागू शकतो. नुसती चित्राची फाइल मिळाली म्हणजे काम झालं असं नाही. मांडणी केलेलं पान तपासणीला पाठवावं लागतं. त्याला जपानीत 'कान्शू' म्हणतात. हक्काची ओळ अक्षरशः दिली तशी छापायची, पात्राच्या चेहऱ्यावर मथळा चढवायचा नाही, हात-पाय कापायचे नाहीत, न विचारता पार्श्वभूमी बदलायची नाही. एका फेरीला दोन-तीन आठवडे धरावेत आणि दोन फेऱ्या गृहीत धराव्यात. एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीचा गोल्डन वीक, ऑगस्टच्या मध्यातला ओबोन आणि नववर्ष या दिवसांत उत्तर येत नाही.

समीक्षेसोबत छोटं दृश्यचित्र छापायला अमेरिकेत 'फेअर यूज'चा, म्हणजे परवानगीशिवाय मर्यादित वापराच्या सवलतीचा, आधार घेता येतो. भारतात कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये समीक्षेसाठी सूट आहे. मुखपृष्ठ आणि पोस्टर मात्र या आडोशाला बसत नाहीत.

तोकुमा शोतेनचं 'ॲनिमेज' १९७८ पासून आणि कादोकावाचं 'न्यूटाइप' १९८५ पासून ज्या चित्रांसाठी विकत घेतलं जातं, ती मासिकासाठी मुद्दाम काढून घेतलेली असतात. त्यांना 'हानकेन' चित्रं म्हणतात. 'न्यूटाइप यूएसए'ची खरी ताकद या भांडारात होती. म्हणून एखादं जुनं नाव विकत घेताना तीन प्रश्न लेखी विचारा: चित्रांचा रस्ता नावाबरोबर येतो का, जुने अंक पुन्हा छापता येतात का, आणि जुन्या वर्गणीदारांचं देणं कुणाच्या अंगावर आहे. पहिल्याचं उत्तर 'नाही' असेल तर नावासाठी पैसे मोजू नका. नवं नाव घ्या.

छापखान्यात काय बिघडतं

स्क्रीनवरचं दृश्य १९२० गुणिले १०८० पिक्सेलचं असतं. ३०० डीपीआयला (इंचामागे ३०० ठिपके) ते १६.३ सेंटिमीटर रुंद आणि ९.१ उंच एवढंच छापता येतं. तेच उभं कापून ए-४ पानभर ताणलं तर ९२ डीपीआय उरतात आणि रेषा फुटतात. ए-४ पूर्ण पानाला, चहूबाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापण्यात जाणारी जादा कड) धरून, २५५१ गुणिले ३५७९ पिक्सेल लागतात.

ॲनिमेतला झळाळता निळा आणि गुलाबी चार रंगांच्या छपाईत मरतो. निळा जांभळा होऊ नये म्हणून सायन या निळ्या शाईपेक्षा मॅजेंटा ही गुलाबी शाई निदान ३० टक्क्यांनी कमी ठेवावी. आर्ट पेपरवर चारही रंगांची एकूण शाई ३०० टक्क्यांवर गेली की पानं एकमेकांना डाग देतात. मुखपृष्ठावर पाचवा स्पॉट रंग (वेगळी तयार केलेली शाई) परवडत असेल तर तो तिथेच वापरावा.

पानं १६ च्या पटीत ठेवावीत, म्हणजे फर्मा (एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी पानं) वाया जात नाही. ६४ पानांपर्यंत पिन मारलेली बांधणी चांगली, मधल्या जोडपानावर सलग चित्र बसतं. १२८ पानांना परफेक्ट बाइंडिंग, म्हणजे डिंकाने चिकटवलेली बांधणी, लागतं आणि शिवणीकडचे ६ ते ८ मिलिमीटर गिळले जातात. चेहरा तिथे येता कामा नये. आर्ट पेपरवर साधा गरम डिंक थंडीत तडकतो, तिथे जास्त लवचिक असा पीयूआर डिंक मागावा. ११५ जीएसएमच्या (चौरस मीटरला ११५ ग्रॅम) १२८ पानांचं, ३०० जीएसएम मुखपृष्ठासह वजन जवळपास ५०० ग्रॅम भरतं. टपालाचा दर हेच वजन धरून काढावा. मांगाचे, म्हणजे जपानी कॉमिक्सचे, नमुने देणार असाल तर ते अंकाच्या शेवटाकडून, उजवीकडून डावीकडे लावावेत. अधेमध्ये टाकले की वाचक पहिल्या चौकटीलाच अडखळतो.

कुणी काय निवडावं

आधीच चार मासिकं चालवणाऱ्या प्रकाशकाने स्टँडचा विचार करावा, इतरांनी नको. ३,००० वर्गणीदार लेखी बांधलेले असतील आणि जपानीचं माणूस पगारावर असेल, तर त्रैमासिक घ्यावं. बाकी सगळ्यांनी वार्षिक अंक काढावा. भारतातून नियमित नियतकालिक काढायचं असेल, तर मार्च २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याखाली प्रेस रजिस्ट्रार जनरलकडे नोंदणी लागते, तिचाही वेळ धरावा.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात अंक हाती द्यायचा असेल, तर मुखपृष्ठाच्या चित्राचं पत्र फेब्रुवारीत जायला हवं, मुलाखती मेच्या मध्यानंतर, पानं तपासणीला ऑगस्टच्या शेवटी आणि फाइल छापखान्यात ऑक्टोबरच्या मध्यावर. मुखपृष्ठाचा लेखी होकार हातात येईपर्यंत नोंदणी सुरू करू नये.