स्पाउस व्हिसा नाकारला: अपील करायचं की नव्याने अर्ज?

नवरा लंडनला, तुम्ही जळगावला, आणि ईमेलात ब्रिटनच्या व्हिसाचं नकारपत्र. घरचे म्हणतात पुन्हा भरून टाक. एजंटही तेच सांगतो, त्याची फी पुन्हा निघते. त्याआधी पत्राचं शेवटचं पान वाचा. अपीलचा हक्क लिहिलेला असेल, तर पत्र मिळाल्यापासून २८ दिवस हातात आहेत. नवरा ब्रिटिश नागरिक किंवा कायम रहिवासी असेल तर बहुधा हा हक्क असतोच. नवरा वर्क व्हिसावर आणि तुम्ही त्याच्यावर अवलंबून (डिपेंडंट) असाल, तर अपील नसतं, प्रशासकीय फेरतपासणी असते, म्हणजे व्हिसा खातंच आपला निर्णय पुन्हा तपासतं. इथे अपीलवाल्यांचंच बघू.

अपीलची फी नुसत्या कागदांवर ८० पौंड, सुनावणीसह १४०. नवा अर्ज एप्रिल २०२५ च्या दराने १,९३८ पौंड, वर तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा आरोग्य अधिभार ३,१०५. नकार आला की अधिभार परत मिळतो, अर्जाची फी बुडते. म्हणून अपील स्वस्त वाटतं. पण सुनावणीला वकील धरला की हिशोब फिरतो, आणि निकालाला कित्येक महिने, कधी वर्षही लागतं. नव्या अर्जाचं उत्तर साधारण १२ आठवड्यांत अपेक्षित असतं.

तेव्हा नकार कशामुळे आला, त्यावर ठरवा. कागद कमी पडले असतील तर नवा अर्जच बरा. बहुतेक घोळ पगारात होतो. नवऱ्याचं वार्षिक उत्पन्न २९,००० पौंड लागतं; तुमची जळगावातली नोकरी त्यात धरत नाहीत. सहा महिन्यांच्या पगारस्लिपा आणि त्याच सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट समोरासमोर ठेवा: स्लिपवरची निव्वळ रक्कम खात्यात जशीच्या तशी दिसली पाहिजे. शेवटची स्लिप आणि स्टेटमेंट अर्जाच्या तारखेआधी २८ दिवसांच्या आतलं हवं. एक दिवस जास्त झाला तरी अडतं. नुसत्या बचतीवर जायचं तर ८८,५०० पौंड लागतात, तेही सहा महिने तुमच्या ताब्यात असलेले. सासऱ्यांनी केळीच्या पट्टीचे पैसे मागच्या आठवड्यात खात्यात टाकले, तर ते मोजत नाहीत.

लग्नाच्या दाखल्यावर नवऱ्याचं नाव मधे, पासपोर्टवर वडिलांचं. आपल्याकडे हे नेहमीचं, तिकडच्या अधिकाऱ्याला या दोन वेगळ्या स्त्रिया वाटतात. एक प्रतिज्ञापत्र जोडा. मराठी दाखल्याच्या भाषांतरावर भाषांतरकाराची सही, तारीख आणि संपर्क पाहिजेच.

‘नातं खरं वाटत नाही’ किंवा ‘कागद खोटा आहे’ असं पत्रात असेल, तर मात्र अपीलकडेच कल ठेवा. नुसता नवा अर्ज केला की तो शिक्का पुढच्या फाइलीतही दिसतो. अपील चालतं त्या न्यायाधिकरणात नवे पुरावे देता येतात, नवऱ्याला जबानी देता येते. हळदीचे दोनशे फोटो नेऊ नका, ते सगळे दोनच दिवसांचे असतात. लग्नाआधीपासूनचे कॉल-मेसेज, त्याच्या भारतभेटीचे बोर्डिंग पास, पाठवलेल्या पैशांच्या नोंदी महिन्यावार लावा. मुलं असतील तर त्यांचे कागदही याच बाजूला वजन टाकतात.

नव्या अर्जात जुना नकार लपवू नका, फॉर्म तो विचारतोच. सोबत एक पत्र जोडून नकारपत्रातल्या प्रत्येक मुद्द्याला उत्तर द्या. अर्जाला लागणारं टीबीचं प्रमाणपत्र सहाच महिने चालतं. मुंबईची खेप ठरवण्याआधी त्याची तारीख बघा.